६० हजारांत गेमिंग कॉम्प्युटर, गावात चालवायचा आहे: कोटेशन पाहून सांगा

आर्णीकर
नमस्कार मंडळी. आर्णी तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) गावात चालवायला गेमिंग कॉम्प्युटर जुळवायचा आहे. बजेट ६० हजार, फक्त डब्याचं. मॉनिटर आहे, २४ इंची, १०८०पी, ७५ हर्ट्झ. यूपीएसचे पैसे वेगळे ठेवले आहेत. खेळ म्हणजे व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ आणि फोर्झा होरायझन ५.

लाईनची परिस्थिती: हरभऱ्याच्या ओलिताच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं, एरवी २२०-२३०. खोली टिनाची, मे महिन्यात दुपारी आत ४२-४३. लागून असलेल्या खोलीत दिवाळीपासून कापूस भरलेला असतो.

दुकानदाराचं कोटेशन असं: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, ए५२० बोर्ड, १६ जीबीची एकच रॅम, आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, "६०० वॉट गेमिंग एसएमपीएस" (वीज पुरवणारा डबा), आणि समोर काच व सहा आरजीबी पंखे असलेला कॅबिनेट. घ्यावं का?

बर्डी_रिटर्न
नाही. यातले दोन मुख्य पार्ट एकमेकांचं नुकसान करतात.

आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार लेनवर (कार्ड आणि बोर्डामधल्या डेटाच्या वाटांवर) चालतं, आणि त्या चार लेन पीसीआय ४.० च्या वेगाने मिळतील असं धरून ते बनवलं आहे. ५६००जी आणि ए५२० दोन्ही ३.० वर थांबतात. म्हणजे रस्ता निम्मा झाला. कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी. फोर्झात टेक्श्चर वाढवले की ती भरते, उरलेला माल त्याच अरुंद रस्त्याने रॅममधून ये-जा करतो आणि गाडी वळणावर झटके खाते. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोडर नाही, त्यामुळे खेळ रेकॉर्ड करायचा तर सगळा भार प्रोसेसरवर.

दुसरं, ५६००जी मध्ये ग्राफिक्स अंगचंच आहे. त्याचे पैसे मोजायचे आणि वर कार्ड लावायचं, हा हिशेब जुळत नाही. त्या ग्राफिक्ससाठी चिपवर जागा काढताना एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी ठेवली आहे, साध्या ५६०० ला ३२ एमबी मिळते. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक प्रोसेसरवर जास्त अवलंबून, तिथे हा फरक दिसतो.

तिसरं, एकच रॅम. ८-८ च्या दोन घ्या. सिंगल चॅनलला मेमरीचा वेग निम्मा. कार्ड असलं तर तोटा थोडा, पण अंगच्या ग्राफिक्सवर खेळणार असाल तर फ्रेम धडाधड पडतात.

तेव्हा दोनच वाटा. एक, ५६००जी, कार्ड नाही, रॅम दोन. व्हॅलोरंट लो सेटिंगला उत्तम, जीटीए ५ १०८०पी नॉर्मलला खेळण्याजोगं, फोर्झा ७२०पी वर ढकलत. दोन, ५६०० किंवा आय५-१२४०० आणि सोबत आरएक्स ६६०० ८ जीबी. फोर्झा १०८०पी हायवर ६० च्या वर नीट हवं असेल तर दुसरीच.

धुरकरी
सहा आरजीबी पंखे अन् समोर काच! हवा कोठून जाईन मंग? दुकानदाराले सांगजा, लायटिंग दिवाळीले लावतो, मले हवा पायजे.

अन् त्या ६०० वॉटच्या डब्यावरचं स्टिकर वाचजा. १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहेल हाये थे पाहा. २२ लिहेल असन तं १२ गुणिले २२, २६४ वॉट झाले. कार्ड अन् प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जेवते. बाकीचे वॉट कागदावरचे.

सरकी
धुरकरी भाऊंच्या मुद्द्याला जोड. आर्णीकर दादा, तुमच्या १७० व्होल्टला एसएमपीएस हाच पहिला पार्ट, ग्राफिक्स कार्ड त्याच्यानंतर. तो निवडताना वॉटआधी इनपुटची ओळ वाचा. काहींवर "१००-२४० व्होल्ट" असतं, काहींवर "२००-२४०". एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत दोन्ही प्रकार निघतात, खोकं जवळपास सारखं. तुम्हाला पहिलाच हवा.

हा रुंद इनपुट ॲक्टिव्ह पीएफसी असलेल्या एसएमपीएसला मिळतो. लाईन १७० असो की २३०, तो आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३८०-४०० व्होल्ट चढवून ठेवतो. पीएफसी नसलेल्या स्वस्त डब्यात कपॅसिटर लाईनच्या व्होल्टेजप्रमाणे भरतो: २३० ला साधारण ३२५, १७० ला २४०. साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे १७० ला साठा जवळपास निम्म्यावर. आता लाईट गेली आणि यूपीएसने बॅटरीवर यायला ८-१० मिलिसेकंद घेतले, तर तेवढा वेळ हा साठाच मशीन धरून ठेवतो. साठा अर्धा असेल तर मशीन रीस्टार्ट होतं. "यूपीएस असूनही कॉम्प्युटर बंद पडतो" या तक्रारीत बहुतेकदा यूपीएस निर्दोष असतो.

८० प्लस ब्राँझ म्हणजे कमी वीज वाया जाते, इतकंच. शॉर्ट सर्किट, ओव्हर व्होल्टेज, ओव्हर करंटची संरक्षणं आहेत का ते वेगळं पाहावं लागतं. माहितीतल्या कंपनीचा ५५० वॉट, पाच वर्षं वॉरंटीचा घ्या. आरएक्स ६६०० ला एक ८ पिनची केबल लागते.

आर्णीकर
५५० लागेल का? आणि घरचा इन्व्हर्टर चालेल की यूपीएस घ्यायचाच? साधा स्टॅबिलायझर लावला तर?

सरकी
हिशेब मांडूया. आय५-१२४०० बोर्डाने मोकळा सोडला तर ११७ वॉटपर्यंत, बायोसमध्ये ६५ ला बांधला तर तेवढाच. आरएक्स ६६०० चे १३२. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ३०-४०. म्हणजे ६५ ला बांधून आत २४० च्या आसपास, भिंतीतून २७५-२८०, मॉनिटर धरून ३००. हे टोक झालं, खेळताना २२०-२५० दिसेल. एसएमपीएस निम्म्या भारावर गार आणि शांत चालतो, टिनाच्या खोलीत ते कामाचं. ४५० नेही भागतं, पण ५५० आणि ४५० मधला किमतीचा फरक फार नसतो.

यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे ३६० वॉट. आकड्यात बसतो, पण बॅटरी एकच, १२ व्होल्ट ७ एएच. खेळ चालू असताना दोन-तीन मिनिटं. सेव्ह करून शट डाउन व्हायला पुरे, पण बॅटरी वर्षभरात कमजोर झाली की तेही नाही. १००० ते ११०० व्हीए, दोन बॅटऱ्यांचा घ्या. त्याच्या डब्यावरही इनपुट पाहा: १४० पासून सुरू होणारा हवा. १८० पासून सुरू होणारा घेतला तर तुमच्याकडे तो ओलिताच्या दिवसांत सतत बॅटरीवर जाईल आणि बॅटरी मारेल.

घरच्या इन्व्हर्टरच्या मागे "यूपीएस" आणि "इको" किंवा "नॉर्मल" अशी कळ असते. कॉम्प्युटर जोडायचा तर यूपीएसवर ठेवावी लागते, आणि मग १८० च्या खाली तो घरभर बॅटरी खातो. स्क्वेअर वेव्ह असेल तर विचारच नको. स्टॅबिलायझरची गरज रुंद इनपुटच्या एसएमपीएसला नाही. उलट रिले बदलताना जो क्षणभर खंड पडतो तो नवीन त्रास.

एक बारीक गोष्ट. व्होल्टेज कमी तेव्हा अँपिअर जास्त. २५० वॉटला २३० वर १.१ अँपिअर, १७० वर दीडच्या जवळ. तेव्हा सैल स्विचबोर्ड, काळा पडलेला सॉकेट आधी बदलून घ्या.

डीपी_फेज
अर्थिंगचं कुणी विचारलंच नाही. गावातल्या बऱ्याच घरांत तीन पिनचा सॉकेट असतो, वरच्या मोठ्या भोकाला मागून वायरच नसते. एसएमपीएसच्या इनपुटला फेज आणि न्यूट्रलपासून अर्थला छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. अर्थ नसला की कॅबिनेटच्या पत्र्यावर लाईनच्या निम्मं, ११० च्या आसपास व्होल्टेज तरंगतं. करंट नगण्य, हाताला झिणझिण्या येतात. माणसाला सहसा काही होत नाही, पण चालू मशीनला टीव्ही किंवा डिशची केबल जोडताना एचडीएमआयचा पोर्ट उडू शकतो.

तपासायचं मल्टिमीटरने. फेज ते अर्थ जवळपास फेज ते न्यूट्रल इतकंच यायला हवं. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. काहीच आलं नाही किंवा आकडा डोलत राहिला तर अर्थिंग नाही. तुमच्याकडे काळी माती, ओल असेपर्यंत अर्थिंगला फार चांगली, पण मार्चनंतर भेगा पडतात आणि पाइप मातीपासून सुटतो. ४० मिलिमीटर जाडीचा, अडीच मीटर लांब जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या. बोअरच्या पाइपाला किंवा नळाला वायर गुंडाळणं ही अर्थिंग नाही, आणि न्यूट्रललाच अर्थ जोडणं तर जीवघेणं आहे. न्यूट्रल तुटला की पूर्ण कॅबिनेट फेजवर येतो.

न्यूट्रलवरून आठवलं. डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल सैल झाला की एका फेजच्या घरांत ३००-३५० व्होल्टही येऊ शकतात. ते स्पाइक गार्डच्या ताकदीबाहेर, कारण त्यातला एमओव्ही (झटका शोषणारा पार्ट) क्षणिक झटक्यासाठी असतो, सतत आलेल्या जादा व्होल्टेजला तो जळतो. मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. खालची मर्यादा १६० ठेवा, वरची २६५-२७०. त्यातला तीन मिनिटांचा डिले काढू नका. आणि वीज कडाडत असली की प्लगसोबत इंटरनेटची लॅन केबलही काढायची, ती सगळे विसरतात.

रानमांजर
एवढा खटाटोप कशाला? जुना झिऑन (सर्व्हरचा प्रोसेसर) आणि एक्स९९ चा चायना बोर्ड, सोबत सेकंडहँड आरएक्स ५८०. अर्ध्या पैशात काम. ६० हजार घालायचेच कशाला?

बर्डी_रिटर्न
@रानमांजर, जीटीए ५ साठी चालेल. व्हॅलोरंटसाठी अडेल: विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनच्या सुरक्षेच्या सोयी) लागतं, आणि ते जुने झिऑन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यात आरएक्स ५८० एकटं १८५ वॉटचं, वरून जुना प्रोसेसर. यूपीएस आणि खोलीचं तापमान दोन्ही हाताबाहेर जातं. बोर्ड गेला तर बदली कुठून?

सेकंडहँड घ्यायचंच असेल त्यांनी बघून घ्या. ५८० च्या नावाने "२०४८एसपी" विकलं जातं, खऱ्यात २३०४ शेडर (कार्डातले हिशेब करणारे छोटे भाग) असतात. जीटीएक्स १०५० टीआयच्या पाठीला व्हीजीए पोर्ट दिसला की नकली समजा, त्या पिढीत ॲनालॉग आउटपुट नाहीच. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडला की बनावट कार्डाच्या नावाआधी "फेक" लिहून येतं. वीस मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) चालवून पंख्याचा आवाज ऐका. दुकानदार वीस मिनिटं देत नसेल तर उत्तर मिळालंच.

कमी वॉटमध्ये नवं हवं असेल तर आरटीएक्स ३०५० ६ जीबी आहे, ७० वॉट, वेगळी पॉवर केबल लागत नाही. पण ८ जीबीवाल्या ३०५० पेक्षा ते मंद आहे, नाव एकच असलं तरी. आरएक्स ६६०० या दोघांच्याही पुढे.

तुरीचं_कुटार
कापसाच्या खोलीचं कोणी बोललं नाई. रुईचे तंतू हवेत उडते, पंखा थे आत वढते, अन् हीटसिंकच्या पात्यांमंदी घोंगड्यासारखा थर बसते. वरून पाह्यलं तं पंखा चकाचक दिसते. पंखा काढल्याबिगर थो थर दिसत नाई.

म्हणून कॅबिनेट समोरून जाळीचा, जाळीमागं काढता येईन असा फिल्टर. समोरून आत घेणारे १२० मिलिमीटरचे दोन पंखे, मागून बाहेर फेकणारा एक, बस. आत येणारी हवा जास्त राह्यली की फटीतनं धूळ वढत नाई, फिल्टरमधूनच येते. वरचे झाकणाचे भोकं पुठ्ठा लावून बंद करजा. नाई तं बंद मशीनवर वरून धूळ पडते अन् पाल आत जाते. मागच्या पट्ट्या सगळ्या लावेल असू द्या, एक जरी पट्टी नसन तं उंदीर केबलीपाशी पोचला समजा.

कापूस घरात हाये तोपर्यंत दर पंधरा दिवसाले फिल्टर झटका. कापूस गेला की दीड-दोन महिन्यानं चालते. ब्लोअर मारतानी पंख्याचं पातं बोटानं धरजा, मोकळा फिरला तं बेअरिंग जाते. अन् ब्लोअर वसरीत न्या, खोलीत मारला तं थेच धूळ परत आत.

मशीन जमिनीवर नोका ठेवू, दोन फूट उंच ठेवा. कूलरचं कसं हाये, उन्हाळ्यात हवा कोरडी, कूलर खोली ३०-३२ वर आणते, मशीनले फायदाच. पण धारेसमोर ठेवू नोका. वाळ्याच्या ताटीतनं बारीक थेंब उडते, बोअरचं पाणी खारं, पांढरे डाग बोर्डावर पडले का पिनांचा गंज सुरू. सहा-सात फूट बाजूनं ठेवा. पावसाळ्यात वापर नसला तरी रोज पंधरा-वीस मिनिटं चालू करत जा, आतली ओल उडते.

बर्डी_रिटर्न
तापमानाचा हिशेब सोपा आहे. हीटसिंक खोलीच्या वर किती अंश जाईल ते ठरवतो, खोलीचा आकडा त्यात मिळवायचा. सोबत येणाऱ्या लहान कूलरवर २५ च्या खोलीत प्रोसेसर ७५ ला असेल तर तुमच्या ४३ ला तो ९३ च्या घरात. रायझन ५६०० ची मर्यादा ९०, तिथे तो स्वतःचा वेग कापतो. १२४०० ची १००. दोघांनाही १२० मिलिमीटर पंख्याचा चार पाइपांचा टॉवर कूलर लावा, डीपकूल एजी४०० सारखा. त्याची उंची १५० मिलिमीटर, कॅबिनेट किमान १५५ ची जागा देतो का ते आधी पाहा.

फुकटचा उपाय म्हणजे फ्रेमला लगाम. तुमचा मॉनिटर ७५ चा. रेडिऑनच्या सॉफ्टवेअरमध्ये ७५ ची मर्यादा घाला. २०० फ्रेम काढून कार्ड तापवायचं आणि दिसायच्या ७५.

आर्णीकर
पटलं. नवीन कोटेशन मागवलं: आय५-१२४००एफ, एच६१० डीडीआर४ बोर्ड, ८-८ रॅम, आरएक्स ६६००, ५०० जीबी एनव्हीएमई, टॉवर कूलर, जाळीचा कॅबिनेट, ५५० वॉट ब्राँझ. दुकानदार म्हणतो रॅम महाग झाली, सध्या ८ चीच लावू, नंतर वाढवा.

सरकी
रॅम आणि एसएसडीचे भाव २०२५ च्या शेवटापासून खरंच चढले आहेत, तो थापा मारत नाही. तरी ८ वर थांबू नका, फोर्झाची शिफारसच १६ ची आहे. कापायचं असेल तर आरजीबी आणि कॅबिनेटमध्ये कापा. एसएसडी ५०० ठीक, जुनी हार्ड डिस्क असेल तर सध्या खेळत नसलेले खेळ तिच्यावर हलवता येतात.

बोर्ड बरोबर आहे. एच६१० ला कार्डाचा स्लॉट ४.० चा मिळतो, ए५२० ला ३.० च. आरएक्स ६६०० आठ लेनचं असल्यामुळे ३.० वरही फार बिघडत नाही, पण मिळतंय तर घ्या. एनव्हीएमईचा एम.२ स्लॉट आहे का एवढं मॉडेल नंबरवरून तपासा, काही एच६१० वर तो नसतो.

प्रोसेसर मात्र "एफ" नसलेला, साधा १२४०० घ्या. एफमध्ये ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडलं तर ते नागपूरमार्गे वॉरंटीला जाणार, परत यायला आठवडे लागू शकतात, आणि तोवर एफवर स्क्रीनच येणार नाही. साध्या १२४०० वर अभ्यास, फॉर्म भरणं, व्हिडिओ सगळं चालू राहतं. दोष कार्डात आहे की बोर्डात, तेही घरीच कळतं. हजार-दोन हजार जास्त असले तरी शहरापासून लांब राहणाऱ्याने ते द्यावेत. बिल जीएसटीचं आणि प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहिलेलं.

बर्डी_रिटर्न
सरकी ताईंशी सहमत. दुकानातच हे करून घ्या: बायोस अपडेट (गावात मध्येच लाईट गेली तर बोर्ड दगड होतो), बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा पूर्ण वेग) चालू, पीटीटी (इंटेलचं टीपीएम) आणि सिक्युअर बूट चालू, सीएसएम (जुनी बूट पद्धत) बंद, रिसायझेबल बार (कार्डाची पूर्ण मेमरी प्रोसेसरला मोकळी) चालू, प्रोसेसरची पॉवर मर्यादा ६५ वॉट. विंडोज जीपीटी डिस्कवर टाकायला सांगा, नाहीतर व्हॅलोरंट व्हॅन ९००१ ची चूक दाखवेल. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग ३२०० दिसला पाहिजे. २४०० किंवा २६६६ दिसला तर एक्सएमपी विसरले.

घरी आल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाच्या वरच्या पोर्टला नाही. १२४०० मध्ये ग्राफिक्स असल्याने चुकीच्या पोर्टवरही चित्र येतं आणि मग "फोर्झा २० फ्रेमवर का" म्हणून धागा निघतो. गाडीत आणताना कॅबिनेट आडवा, बोर्ड खाली आणि कार्ड उभं राहील असा. उभा कॅबिनेट खड्ड्यांत हादरला की जड कार्ड स्लॉट वाकवतं.

रानमांजर
खेळ उतरवायचं काय? गावात नेट कसं चालतं माहीत आहे सगळ्यांना. फोर्झा शंभर जीबीच्या वर.

डीपी_फेज
स्टीमचे असतील तर ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडून स्टीमॲप्सच्या कॉमन फोल्डरमधला खेळाचा पूर्ण फोल्डर डिस्कवर घ्या, आपल्या कॉमनमध्ये ठेवा, मग स्टीममधून इन्स्टॉल दाबा. असलेल्या फायली तो ओळखतो, उरलेलं तेवढंच उतरवतो. खेळ स्वतःच्या खात्यावर विकत घेतलेला हवा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जाणार नाही, एक्सफॅट करून घ्या.

आर्णीकर
दुकानात आहे. साधा १२४०० मिळाला. एसएमपीएसच्या स्टिकरवर असं आहे: "एसी इनपुट २००-२४० व्होल्ट, ५ अँपिअर. १२ व्होल्ट, ४३ अँपिअर." दुकानदार म्हणतो ब्राँझ आहे, नावाजलेली कंपनी आहे, काही होत नाही.

सरकी
४३ अँपिअर म्हणजे ५१६ वॉट, त्या बाजूने खरा आहे. इनपुटने तुमच्याकडे मार खाईल. त्याच कंपनीचा १००-२४० वाला आहे का विचारा. नसेल तर दुसऱ्या कंपनीचा घ्या, बाकी सगळं बांधून ठेवायला सांगा. एसएमपीएस बदलल्याशिवाय मशीन उचलू नका.

धुरकरी
अन् सोबतची पॉवर केबल पाहून घेजा, तीन पिनची जाड वाली. कधीकधी मॉनिटरची बारीक केबल टाकून देते.